विडीचे कार्ड आणि औषधांची पिशवी : निपाणीतील एका कंपवात-रुग्णाचे प्रकरण

निपाणीतील चौसष्ट वर्षांच्या एका विडी कामगार स्त्रीला पार्किन्सनचा आजार, म्हणजे कंपवात, आहे असे मी सांगितले, औषध सुरू केले, संशोधनासाठी तिच्या रक्ताचा नमुना घेतला आणि पाच महिन्यांनी हे सारे मला मागे घ्यावे लागले. मेंदूविकारतज्ज्ञाला निदान बदलावे लागते, त्यात नवल नाही. परंतु या एका रुग्णामुळे माझ्या संशोधनाचा पायाच तपासून पाहावा लागला, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडत आहे. रुग्णाची आणि तिच्या सुनेची यास संमती आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आधी मी निपाणीत कशी पोहोचले ते सांगायला हवे, कारण चुकीचे मूळ काही अंशी तिथेच आहे. माझे शाळेचे शिक्षण बेळगावात मराठी माध्यमात झाले. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन आणि मेंदूविकारशास्त्रातील डी.एम.ची आणखी तीन वर्षे संपेपर्यंत तिशी उलटली होती. त्यापुढची दोन वर्षे बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनावर काम करण्यात गेली. १९९७ साली या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा संबंध काही इटालियन व ग्रीक कुटुंबांतील पार्किन्सनशी जोडला गेला आणि त्याच वर्षी, रुग्णांच्या मेंदूतील पेशींत दिसणाऱ्या ल्युई पिंडांमध्ये हेच प्रथिन साचलेले असते हेही दाखवले गेले. तेव्हापासून या क्षेत्रातील तरुण संशोधकाला प्रयोगशाळा सोडून जिल्ह्याच्या गावी परतणे म्हणजे कारकीर्द अर्ध्यावर टाकणे वाटते. मला तसे वाटले नाही, कारण माझ्या मनात एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बेंगळुरूत मिळणार नव्हते.

तो प्रश्न तंबाखूचा होता. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण कमी आढळते, हे गेली सहा दशके वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. निकोटीन मेंदूतील पेशींचे रक्षण करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. ज्यांच्या मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन आधीपासूनच कमी पडू लागले आहे त्यांना तंबाखूची ओढच कमी लागते आणि ते सहज सोडून देतात, असा दुसरा, अगदी उलटा अर्थही निघतो. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांना निकोटीनच्या पट्ट्या लावून केलेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आजाराची वाटचाल मंदावली नाही. तरीही आजार होण्यापूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांत तंबाखूचा काही परिणाम होतो का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या सुपापुढे आयुष्य काढलेल्या स्त्रिया विडी ओढत नाहीत. पण तंबाखू हाताळताना त्वचेतून आणि धुळीबरोबर श्वासातून निकोटीन शरीरात जाते आणि अनेकजणी सकाळ-संध्याकाळ मिश्रीही लावतात. अशा स्त्रियांमध्ये पार्किन्सन किती आढळतो, हे मला पाहायचे होते. मुंबईतील पारशी वस्त्यांत घरोघर जाऊन केलेली आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी माझ्यासमोर आदर्श म्हणून होती. तीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. आजही भारतातील पार्किन्सनविषयी बोलताना तो आकडा सांगितला जातो, आणि त्यामागे वस्तीतला माणूस न् माणूस पाहिल्याची मेहनत आहे.

ही स्त्री सुनेबरोबर बसने बेळगावला माझ्याकडे आली ती उजव्या हाताच्या थरथरीसाठी. हात मांडीवर सैल ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागत. या हालचालीला आमच्या पुस्तकांत गोळी वळल्यासारखी म्हणतात, सून म्हणाली, "आम्हाला वाटलं, सवयीनं रिकाम्या हातानंच विड्या वळत्यात." चेहऱ्यावरचे भाव कमी झाले होते, पापण्या क्वचित लवत होत्या, मनगट फिरवताना दातेरी चाकासारखे अडखळत होते आणि चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहत होता. एका बाजूला सुरू झालेली थरथर, ताठरपणा आणि मंदपणा या तिन्ही गोष्टी समोर होत्या. मी विचारले, "मावशी, दुसरं काही औषध चालू आहे का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. मी कुठलं औषध घेतो?" मी कागदावर "इतर औषधे नाहीत" असे लिहिले. त्या एका ओळीवर पुढचे पाच महिने उभे राहिले.

मेंदूतील डोपामिनचा पुरवठा वाढवणारी, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची गोळी अर्ध्या मात्रेने सुरू केली. संशोधनाची माहिती देऊन संमती घेतली आणि रक्ताचा नमुना "पार्किन्सन" अशी चिठ्ठी लावून शीतकपाटात ठेवला.

तीन महिन्यांत फारसा गुण दिसला नाही, म्हणून मी मात्रा वाढवली. पाचव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा त्यांची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट होती. पावले घासत होती, ओठ आपोआप हलत होते आणि त्यांना एका जागी बसवत नव्हते. सून त्रासलेली होती. बाकावर बसल्या बसल्या तिने कापडी पिशवीतून एक पाकीट काढले आणि म्हणाली, "तुमच्या गोळीनं मळमळतंय म्हणून गावातल्या डॉक्टरांनी ही दिली, ती तरी चालू ठेवायची का?" ते मेटोक्लोप्रमाइड होते. मी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली.

पिशवीतून तीन पाकिटे निघाली. पहिले सिन्नारिझिनचे होते. दीड वर्षापूर्वी भोवळ आली तेव्हा गावातील डॉक्टरांनी ते काही दिवसांसाठी दिले होते. बरे वाटले म्हणून रिकामे पाकीट दाखवून औषधाच्या दुकानातून ते तसेच घेणे चालू राहिले. दुसरे पाकीट कॅप्सूलचे होते आणि तीत आम्लता कमी करणाऱ्या रॅबेप्रॅझोलबरोबर ७५ मिलिग्रॅम लेव्होसल्पिराइड होते. कागलला लेकीकडे गेल्या असताना छातीत जळजळते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ते लिहून दिले होते आणि गेले वर्षभर त्या ते रोज सकाळी उपाशीपोटी घेत होत्या. तिसरे मेटोक्लोप्रमाइडचे. ही तिन्ही औषधे मेंदूतील डोपामिनच्या ग्राहींवर बसून त्यांचे काम अडवतात. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात; इथे पेशी शाबूत असल्या तरी त्यांनी सोडलेले डोपामिन जिथे पोहोचायचे ती दारेच बंद झालेली असतात. बाहेरून दिसणारे चित्र मात्र जवळजवळ सारखेच असते. लेव्होडोपाचा गुण का येत नव्हता याचेही उत्तर यातच होते, कारण दारे बंद असताना डोपामिनचा पुरवठा वाढवून उपयोग नसतो. त्यातही माझ्या गोळीने मळमळ झाली, मळमळीसाठी दिलेल्या गोळीने ताठरपणा वाढला, आणि वाढलेला ताठरपणा पाहून मी कदाचित माझी गोळी आणखी वाढवली असती.

मी विचारले, "मावशी, तुम्ही औषध नाही म्हणालात." त्या गोंधळल्या. "ह्ये पित्ताचं हाय की, बाई. आणि ती भोवळीची. औषध कुठलं?" त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या मराठीत औषध म्हणजे रोगावर घ्यायची वस्तू. पित्ताची गोळी चहा किंवा मिश्रीसारखी सकाळच्या परिपाठातली. मी त्याच भाषेत वाढले आहे, माझी आजीही तसेच बोलत असे, आणि तरीही प्रश्न विचारताना मी पुस्तकातले मराठी वापरले. या प्रकरणातील माझी मोठी चूक निदानाच्या आधीची, म्हणजे त्या प्रश्नाची आहे. आता मी विचारते, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाण्याबरोबर काय काय गिळता?" आणि उत्तर काहीही आले तरी पिशवी पाहते.

औषधांमुळे मेंदूतील डोपामिन अडून माणूस असा जखडू शकतो, हे वैद्यकाला बरेच आधी कळले होते, आणि त्या शोधाच्या वाटेवर आपल्याकडची एक वनस्पती आहे. सर्पगंधेच्या मुळीतून मिळणारे रिसर्पिन रक्तदाबासाठी वापरले जाऊ लागले. सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगासमोर मांडला होता. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले तेव्हा ते कान पाडून निश्चल झाले आणि लेव्होडोपाची सुई टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडते, या विचाराची सुरुवात तिथे झाली आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे औषधाने आलेला कंप हाच खऱ्या कंपवाताचे कोडे सोडवण्याचा धागा ठरला. डी.एम.च्या परीक्षेत मी यावर दोन पाने लिहिली होती. तरीही समोर बसलेल्या रुग्णाच्या पिशवीत तोच प्रयोग चालू असल्याचे मला पाच महिने दिसले नाही.

यानंतरची मदत अनपेक्षित ठिकाणाहून झाली. थरथर नेमकी कधी सुरू झाली, हे कुणालाच सांगता येईना. सून म्हणे दिवाळीनंतर, मुलगा म्हणे पाऊस लागायच्या आधी. तेव्हा रुग्णाने स्वतःच आपले विडीचे कार्ड काढले. दर दिवशी किती विड्या दिल्या याची नोंद त्यावर होते आणि त्यावर मजुरी ठरते. फंडाच्या पैशासाठी उपयोगी पडतील म्हणून त्यांनी जुनी कार्डेही पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. पुढच्या खेपेस सुनेने डबाच आणला. विडी वळणे म्हणजे भिजवलेले पान कात्रीने कापणे, चिमूटभर जर्दा पसरणे, बोटांनी वळणे, टोके मुडपणे आणि दोऱ्याची गाठ मारणे. अंगठा आणि तर्जनी यांचा वेग व अचूकता मोजण्यासाठी आम्ही रुग्णाला दहा वेळा बोटे आपटायला लावतो. या बाईंच्या बाबतीत तीच मोजणी वर्षानुवर्षे रोज कागदावर उतरली होती.

कार्डे आणि औषधांच्या तारखा मी शेजारी ठेवल्या. भोवळीची गोळी सुरू होण्यापूर्वी त्या दिवसाला नऊशे ते हजार विड्या देत. गोळीनंतरच्या चौथ्या महिन्यापासून आकडा आठशेच्या खाली राहू लागला. कागलहून पित्ताची कॅप्सूल सुरू झाल्यावर तो सहाशेवर आला, माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा साडेचारशेवर होता, आणि मळमळीच्या गोळीनंतर अडीचशेवर. आकडे नुसते वाचून चालत नाहीत हे मान्य आहे. लग्नसराईत, आजारपणात, पाने न आल्यास किंवा पावसात पाने बुरशीली तर विड्या कमी होतात. असे दिवस सुनेच्या मदतीने बाजूला काढले. तरीही उतार तसाच राहिला. कामातली घट त्यांना स्वतःला जाणवली होती, मुकादमाने टोकलेही होते. पण वय झाले, असेच सगळ्यांनी मानले.

उपचाराचा भाग थोडक्यात सांगता येतो. तिन्ही औषधे थांबवली. लेव्होडोपा एकदम तोडणे धोक्याचे असल्यामुळे ती काही आठवड्यांत उतरवत नेली. भोवळीची तपासणी केली तेव्हा ती कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नळीत सरकलेल्या सूक्ष्म खड्यांची निघाली. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एप्ली पद्धतीने ती दोन बैठकांत गेली. दीड वर्ष रोज घेतलेल्या गोळीची गरजच नव्हती. पित्तासाठी साधी आम्लतेची गोळी काही आठवडे दिली आणि उपाशीपोटी चहा व मिश्री बंद करण्यास सांगितले. चहा बंद झाला, मिश्री कमी झाली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या, २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे या घटनेचा अहवाल पाठवला. दोन्ही डॉक्टरांना मी फोन केला. दोघांनीही ऐकून घेतले आणि दोघांचेही म्हणणे एकच होते की आपण काही दिवसांसाठीच लिहून दिले होते. ते खरे होते. माझ्यासह सुरू करणारे तीन होते आणि थांबवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. या भागात ते सहज घडते, कारण माणसाचे एक पाऊल कर्नाटकात आणि एक महाराष्ट्रात असते. मोठ्या दवाखान्यासाठी बेळगाव, लेकीकडे गेल्यावर कागल किंवा कोल्हापूर, आणि घाईच्या वेळी गल्लीतला डॉक्टर. तिन्हीकडची औषधे एकत्र येतात ती फक्त पिशवीत.

सहाव्या आठवड्यात कार्डावरचा आकडा सहाशेवर पोहोचला. चौथ्या महिन्यात तो साडेआठशे होता, ओठांची हालचाल थांबली होती आणि थरथर जवळजवळ गेली होती. बाई हसत आत आल्या. त्यांचे हसणे मी पहिल्यांदाच पाहत होते.

संशोधनाच्या बाजूचा हिशेब मात्र सोपा नव्हता. पार्किन्सनच्या निदानासाठी २०१५ पासून वापरात असलेल्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे की, डोपामिनचे ग्राही अडवणारे औषध पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ चालू असेल तर ते निदान करू नये. मी निकष पाळले होते, पण चुकीच्या उत्तरावर. मग माझ्या यादीत असे आणखी किती असतील? तंबाखू कामगार स्त्रियांत पार्किन्सन कमी आहे की नाही हे मी मोजायला निघाले होते, आणि वयस्क स्त्रियांनाच औषधजन्य कंप होण्याचा धोका अधिक असतो. भोवळीच्या आणि पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया पार्किन्सनच्या रकान्यात गेल्या असतील तर निकोटीनचा प्रश्न बाजूलाच राहिला. मी गोळ्यांची विक्री मोजत होते. सहकाऱ्यांचे म्हणणे होते की एक नमुना वगळावा आणि लेख पूर्ण करावा. लेख न आल्यास निधी पुढे मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण यादीतील एकाही नावाबद्दल मला आता खात्री देता येत नव्हती. आम्ही प्रत्येक रुग्णाच्या घरी पुन्हा जाऊन पिशवी पाहण्याचे ठरवले. त्यात एक वर्ष गेले, लेख राहिला आणि एक तरुण सहकारी काम सोडून गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते. कारकिर्दीच्या सुरुवातीला वाया गेलेले वर्ष फार मोठे असते.

नमुना मागे घेण्यासाठी पुन्हा संमती घ्यावी लागली आणि तेव्हा आणखी एक उणीव लक्षात आली. आमचे छापील संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. बाई मराठी चौथी शिकलेल्या. पहिल्या वेळी मी तोंडी समजावले आणि त्यांनी सही केली. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमतीपत्र असावे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि मराठी बोलणारी संशोधक असूनही मी ते केले नव्हते. मराठी संमतीपत्र तयार केले, ते त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचले आणि एका जागी थांबून विचारले, "ह्यात लिवलंय, रगात कितीबी वर्षं ठेवणार. माझ्या माघारीबी?" हा प्रश्न पहिल्या वेळी त्यांना विचारताच आला नव्हता.

इथे प्रकरण संपले असते तर निदान स्वच्छ झाले असते. परंतु औषधे थांबवून दहा महिने झाल्यावरही उजव्या हाताची बोटे आपटताना शेवटच्या ठोक्यांना अंतर लहान होत जाते आणि चालताना तो हात अजून पुरेसा हलत नाही. औषधजन्य कंप बहुतेकांत काही आठवड्यांपासून सहा महिन्यांत ओसरतो. काही जणांत तो पूर्ण जात नाही, कारण त्यांच्या मेंदूत खरा पार्किन्सन आधीच हळूहळू सुरू झालेला असतो आणि औषधाने तो वेळेआधी उघडा पाडलेला असतो. बोलता बोलता बाई म्हणाल्या की चार-पाच वर्षांपासून जर्द्याचा वास येत नाही. घ्राणशक्ती जाणे हे पार्किन्सनचे फार आधीचे लक्षण असू शकते. पण चाळीस वर्षे तंबाखूच्या धुळीत बसलेल्या नाकावर त्यासाठी किती भरवसा ठेवायचा? तसली दुसरी लक्षणे, म्हणजे झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे, सुनेला दिसलेली नाहीत. मेंदूतील डोपामिन वाहकांचे चित्र घेणारी ट्रोडॅट तपासणी हा प्रश्न बराचसा सोडवू शकते, कारण औषधजन्य कंपात ते चित्र सहसा सामान्य येते. त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागेल, खर्च होईल आणि तीन-चार दिवसांची मजुरी बुडेल. तपासणीचा निकाल काहीही आला तरी आज उपचार बदलणार नाही, हे मी त्यांना सांगितले. तपासणीने माझ्या संशोधनाचा फायदा अधिक होईल, हेही सांगितले. त्यांनी नको म्हटले आणि मी आग्रह केला नाही.

"मग मला त्यो रोग हाय का न्हाई?" त्यांनी सरळ विचारले. मी म्हणाले, "मावशी, गोळ्यांनी आलेला होता तो गेला. थोडं उरलंय ते कशाचं, हे तुमचं कार्ड सांगेल. आकडा टिकला तर बरं. खाली येऊ लागला तर लगेच या. त्यासाठी औषध आहे आणि या वेळी ते लागू पडेल." सून म्हणाली, मग कार्डावरचा आकडा दर आठवड्याला तीच लिहून ठेवेल.

त्यांचा नमुना आता शीतकपाटात वेगळ्या खणात आहे. चिठ्ठीवर निदानाच्या जागी तारीख आणि "अनिश्चित" एवढेच लिहिले आहे. गेल्या महिन्यात आकडा आठशेच्या आसपास होता. पुढची भेट गणपतीनंतर ठरली आहे आणि येताना कार्ड व पिशवी दोन्ही आणायला सांगितले आहे.